मंगलताईंचं ताटाळं

फोन हातात आला की मंगलताई तो आधी गालाला लावायच्या. कानाला नव्हे, गालाला. डोळे मिटून दोन-तीन श्वास तशाच थांबायच्या आणि मग निकाल द्यायच्या, "ताप हाय ह्याला. बसू द्या जरा." त्यांचं माहेर शेरडामेंढरांचं. आजारी करडाचा कान मुठीत धरून ताप बघायची सवय लहानपणापासूनची, तीच पुढे फोनवर आली. बॅटरीचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. मी एकदा हट्टाने ताईंचा गाल आणि ते सॉफ्टवेअर यांची आठवडाभर तुलना केली. तिचा निकाल मी कुणाला सांगितला नाही आणि पुन्हा तुलनाही केली नाही.

आमचं ऑफिस परभणीत जिंतूर रोडला, पत्र्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली ट्रकमधून पत्रे उतरायला लागले की वर एकमेकांशी खुणेने बोलायचं. मुख्य कचेरी पुण्याला. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांसाठी त्यांनी एक अ‍ॅप काढलं होतं. लस कधी द्यायची ते त्यात कळायचं, जनावराच्या विम्यासाठी फोटो काढून पाठवता यायचा. हे अ‍ॅप वेगवेगळ्या फोनवर नीट चालतं की नाही ते आम्ही तपासायचो. तपासायचो म्हणजे बोटाने नव्हे. मी लिहिलेला प्रोग्राम एकाच वेळी सगळ्या फोनवर अ‍ॅप उघडायचा, आपणच बटणं दाबायचा, फॉर्म भरायचा आणि कोणता फोन कुठे अडला ते सांगायचा. मी पुण्यात सहा वर्षं काढून परत आलो होतो, त्यामुळे मला सगळं कळत होतं. प्रोग्राम लिहिला की काम झालं, ही त्यातलीच एक गोष्ट.

पहिल्याच दिवशी प्रोग्राम एकाही फोनवर चालला नाही. एकाला कुलूप होतं, दुसरा मध्येच झोपला, तिसरा आपलाआपण अपडेट होत बसला. मी चिडून खुर्ची मागे ढकलली तेव्हा कोपऱ्यातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, फोन तयार न्हाईत अजून. तुमीच घाई करायलाव."

फोन तयार करणं हे मंगलताईंचं काम होतं. आधी फोन टेबलावर उताणा ठेवून भोवऱ्यासारखा फिरवायचा. भिरभिर फिरला की बॅटरी फुगली, तो बाद. मग आतलं सगळं पुसून तो कोरा करायचा. मग सेटिंगमध्ये जाऊन एका ओळीवर सात टिचक्या मारायच्या, की फोनचे आतले दरवाजे उघडतात. ताई त्या सात टिचक्या मोजून, ओठ हलवत मारायच्या. "सात झाल्या की मोकळा बोलाया लागतो बगा." मग कुलूप काढायचं, अपडेट बंद करायचं, झोप बंद करायची. पडदे सरकण्या-उडण्याची जी नक्षी असते तीही बंद, कारण प्रोग्राम तिच्यापायी फसतो. त्याला ताई म्हणायच्या, "नाचणं बंद." शेवटी फोन विचारतो, ह्या कॉम्प्युटरला कायमची परवानगी द्यायची का? इथे ताई मान वर करून कॉम्प्युटरकडे एकदा नीट बघायच्या आणि मगच 'हो' दाबायच्या. रोज तोच कॉम्प्युटर, रोज तीच नजर.

त्याआधी दहा वर्षं देवगाव फाट्यावर त्यांची मोबाईल दुरुस्तीची टपरी होती. रस्ता रुंद झाला आणि टपरी गेली. मुलीला परभणीत कॉलेजला घातलं होतं, तिच्यासोबत खोली करून राहिल्या आणि आमच्या ऑफिसात चिकटल्या. सासरच्या मंडळींत या नोकरीची थट्टा चालायची. "आमची मंगल शेरात फोन पुसायला जाते." हे सांगताना ताई स्वतःच आधी हसायच्या. एकदा मात्र सांगून झाल्यावर हसल्या नाहीत, हातातला फोन उगाच पुन्हा पुसत राहिल्या.

फोन ठेवायला पुण्याहून एक महागडा स्टँड आला होता. तो पहिल्याच उन्हाळ्यात वितळल्यासारखा वाकला. ताई बाजारात गेल्या आणि भांड्यांच्या दुकानातून स्टीलचं ताटाळं घेऊन आल्या. ताटं उभी राहतात तसे बावीस फोन त्यात उभे राहिले, मधून वारा खेळायला लागला आणि निम्म्या फोनांचा ताप उतरला. पुण्याचे लोक याला इंग्रजीत काहीतरी भारी म्हणायचे. आम्ही ताटाळंच म्हणायचो.

फोनही ताईंनीच जमवलेले, सगळे वापरलेले. नवा फोन त्यांना पसंत नव्हता. "नव्याला काय म्हाईत हाय?" म्हणायच्या. ज्या गावातून फोन आला ते त्याचं नाव. मानवत, पूर्णा, सेलू, पाथरी, पोखर्णी. मी त्यांना ए-एक, ए-दोन असे नंबर दिले होते, ते चार दिवस टिकले. माझा अहवाल पुण्याला जायचा तो असा: मानवत पास, पूर्णा पास, पोखर्णी नापास. पुण्यात निखिलसर आमचे वरिष्ठ. पहिल्या महिन्यात त्यांनी व्हिडिओ कॉलवर फार हळुवारपणे विचारलं, "हे मानवतसाहेब आज रजेवर आहेत का?"

सकाळ-संध्याकाळ ताई ताटाळ्यावरून हात फिरवत फोन मोजायच्या, एकेकाच्या डोक्याला बोट लावून. आकडा मात्र तोंडाने कधी बोलायच्या नाहीत. कळप मोजावा, पण मोठ्याने सांगू नये, असं त्यांच्या माहेरी होतं. मी विचारलं, "ताई, किती भरले?" की उत्तर ठरलेलं. "काल होते तितके."

आणि मग आभासी फोन आले. म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच तयार केलेले फोन. त्यांना अंग नाही, बॅटरी नाही. पडद्यावर नुसतं फोनचं चित्र दिसतं, पण अ‍ॅप त्यावर खरोखर चालतं. हवे तेव्हा दहा बनवा, नको तेव्हा पुसून टाका. मी मोठ्या हौसेने ताईंना दाखवले.

"हे फोन हायत कुटं?" ताईंनी मॉनिटरच्या मागे वाकून बघितलं.

"कुठेच नाहीत, ताई. तीच तर गंमत आहे."

"कुटंच न्हाईत तर ह्येंची चार्जिंग शंभर टक्के कशाची?"

त्या चित्रात कोपऱ्यात खरंच बॅटरी भरलेली दिसत होती. मी चहा सांगितला.

पुढे जे रामायण झालं ते खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारा-अवजारांची पूजा करतात. ताई सकाळीच पूजेचं ताट घेऊन आल्या. ताटाळ्यातल्या एकेका फोनच्या कपाळाला त्यांनी ओलं हळदकुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी. आभासी फोनांनाही वगळलं नाही. मॉनिटरच्या कोपऱ्याला बोट टेकवून म्हणाल्या, "आतल्यानला पोचंल." मीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर नऊ फोन मेलेले.

तासाभराने उलगडा झाला. वायरी वरून सोडलेल्या होत्या, म्हणून ताटाळ्यात फोन उलटे उभे असायचे, डोकं खाली आणि चार्जिंगचं भोक वर. ताईंनी ज्याला कपाळ समजून भक्तिभावाने कुंकू लावलं, ते कपाळ नव्हतंच.

"अगं बाई," ताई मटकन खुर्चीवर बसल्या, "मी त्येंच्या तोंडात कुंकू घातलं की हो!"

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. ताईही हसल्या आणि मग दिवसभर स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशचे दोन-चार केस घेऊन एकेक तोंड धूत बसल्या. संध्याकाळी आठ उठले, पाथरी काही उठला नाही. अहवालात मी 'तांत्रिक कारण' असं लिहायला घेतलं होतं. ताई मागून वाचत होत्या.

"खरं लिवा की सर. कुंकू लिवा."

"पुण्याला काय वाटेल?"

"वाटू द्या. चूक माजी हाय, तांत्रिकची न्हाई."

मी कुंकू लिहिलं, आणि तिथेच गोची झाली. निखिलसर पोट धरून हसले, पण हसणं ओसरल्यावर म्हणाले, "आभासी फोनांच्या तोंडात कुंकू जात नाही, हे मात्र खरं." दोन दिवसांनी त्यांचं पत्रच आलं. ताटाळ्याची कटकट फार होते. पंधरा दिवस दोन्हीकडे तपासणी चालवा. आभासी फोनांना न सापडलेला एकही दोष ताटाळ्याने दाखवला नाही, तर ताटाळं बंद. फोन तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याची मग आवश्यकता राहणार नाही.

ते पत्र ताईंना कसं सांगावं, या विचारात मी अर्धा दिवस घालवला. शेवटी फिरवून फिरवून सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी घरी."

"तसं नाही हो ताई, बघू ना, पंधरा दिवस..."

"दादा, तसंच हाय. सरळ सांगत जावा." रागावल्या की त्या मला सर म्हणायच्या नाहीत, दादा म्हणायच्या. मग थोड्या वेळाने, फोन पुसता पुसता म्हणाल्या, "टपरी गेली तवा रस्त्यानं नेली. ही खुर्ची आता कुटंच नसलेलं फोन न्यायलेत. कुणाला शिव्या द्याव्या त्येबी कळंना."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. त्या पंधरा दिवसांत मी सगळ्यांवर चिडत होतो. आभासी फोन रोज सगळे पास. ताटाळंही रोज सगळं पास. एक पोखर्णी तेवढा नापास.

पोखर्णी आमचा जुना आजारी. अ‍ॅपमध्ये शेळीचा फोटो काढायची वेळ आली की तिथे हमखास अडायचा. फोटो जतन झाला म्हणून हिरवी खूण दाखवायचा आणि मग गप्प बसायचा. महिनोन् महिने असंच चाललं होतं, म्हणून मी त्याच्या नावापुढे 'बेभरवशाचा' अशी नोंद करून ठेवली होती. त्याचं नापास होणं अहवालात यायचं, पण मोजलं जात नसे. हा फोन पुन्हा एकदा पुसून कोरा करा, असं मी ताईंना किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. "करते की." "उद्या." "आत्ताच ताप उतरलाय त्येचा." बाकी कुठल्याही कामात चालढकल न करणारी ही बाई या एकाच फोनचं नाव काढलं की सटकायची.

बाराव्या दिवशी माझा संयम सुटला. मी ताटाळ्यातून पोखर्णी उचलला आणि स्वतःच पुसायला घेतला. ताईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, पण काढून घेतला. अशा त्या कधी वागल्या नव्हत्या.

"ह्येला न्हाई पुसायचं."

"का?"

"शबुद दिलाय."

मग सगळं बाहेर आलं. तो फोन त्यांनी पोखर्णीच्या ज्ञानोबाकाकांच्या दारात जाऊन घेतला होता. काका शेळ्या पाळणारे. नवा फोन मिळाला म्हणून जुना विकला, पण त्यातले फोटो त्यांना हवे होते आणि ते काढायचे कसे हे घरात कुणाला माहीत नव्हतं. परभणीला येतो, तोवर राहू द्या, म्हणाले. ताईंनी शब्द दिला की तुम्ही येईस्तोर त्याला हात लावणार नाही. काका काही आले नाहीत. कधी शेळ्या व्यायल्या, कधी नरसिंहाची यात्रा, कधी आणखी काही.

मी ओरडलो. लाज वाटते, पण ओरडलो. "ताई, तुमची नोकरी जायलीय आणि तुम्ही लोकांचे फोटो राखत बसलात!"

"नोकरी जायलीय म्हणून शबुदबी घालवू का?"

मी रागाने फोटोंचा गठ्ठा उघडला. शेळ्या. खाली सरकवलं, शेळ्या. अकराशे फोटो आणि जिथे थांबावं तिथे शेळ्या. डावीकडून, उजवीकडून, कान, शिंगं, कास. एक माणूस दिसेल तर शपथ. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला हसू फुटलं.

"हसू नका," ताई म्हणाल्या. "कोन कुणाच्या पोटची, कवा व्यायली, सगळं ह्यातच हाय त्येंचं. वही न्हाई ठेवत ते." आणि मग त्या सहज म्हणाल्या, मला काही शिकवायचं म्हणून नव्हे, "आन् ह्ये अ‍ॅप तरी वापरणार कोन? ज्येच्याकडं शेळ्या हायत त्योच. त्येच्या फोनात शेळ्याच असणार की. जागा कुटून राहायलीय?"

मी फोनची जागा बघितली. काठोकाठ भरलेली. अ‍ॅप फोटो काढत होतं, ठेवायला जागा नव्हती, आणि तरीही 'जतन झाला' असं सांगून मोकळं होत होतं. म्हणजे एखाद्याची शेळी दगावली असती, त्याने विम्यासाठी फोटो काढला असता, हिरवी खूण बघून निर्धास्त झाला असता आणि फोटो कुठेच नसता. पोखर्णी महिनोन् महिने खरं बोलत होता. त्याला बेभरवशाचा ठरवणारा मी. बाकीच्या फोनांवर हे दिसलं नाही, कारण माझ्याच नियमाप्रमाणे ते आम्ही पुसून कोरे केले होते, आणि इतका कोरा फोन या जिल्ह्यात कुणाच्याच खिशात नसतो.

मग ताईंनीच विचारलं, "ह्या कुटंच नसलेल्या फोनात शेळ्या घालता येत्यात का?"

येत होत्या. पण ताईंनी घालू दिल्या नाहीत. शेळ्या काकांच्या, त्यांना विचारल्याशिवाय नाही. फोन लावला. एवढे महिने न आलेले ज्ञानोबाकाका दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने हजर. जिना चढून आले, पागोटं मांडीवर ठेवून खुर्चीच्या टोकावर टेकले. ताईंनी आधी त्यांचे सगळे फोटो त्यांच्या नव्या फोनात घालून दिले आणि मग परवानगी मागितली. काकांनी मॉनिटरमधल्या फोनकडे संशयाने बघितलं.

"लावा कामाला. पर इकू नका."

त्या दिवशी काका एकेक शेळी ओळखून दाखवत बसले, ताई मान डोलवत राहिल्या आणि मी पुढचे तीन दिवस ताई सांगतील ते करत गेलो. आभासी फोन ताईंनी हाताखाली घेतले. अकराशे शेळ्या घालून जागा भरली. कॉपी होताना फोटोंचा क्रम विस्कटला, तेवढं चाललं. मग ताई म्हणाल्या, अक्षर मोठं करा, माझ्या सासूबाईंच्या फोनात असतंय तेवढं. केलं. भाषा मराठी करा. केली. रेंज देवगाव फाट्यासारखी द्या, घडीत हाय, घडीत न्हाई. तशी दिली. चार्जिंग नऊ टक्क्यांवर आणा. "शंभर कुणाचीच नसती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्या एवढे दिवस ते विसरल्या नव्हत्या.

पंधराव्या दिवशी मी अहवाल पाठवला. ताटाळ्यात एक नापास, आभासी फोनांपैकी सगळे नापास. फोटो हरवतोच, शिवाय मोठ्या अक्षरात 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली गडप होतं, रेंज गेली की भरलेला फॉर्म कोरा होतो. निखिलसरांनी व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्याशी न बोलता म्हणाले, "मंगलताईंना द्या." मी माझी खुर्ची त्यांना दिली.

"ताई, हे फोन असे कुणी तयार करायला शिकवले?"

"शिकवायचं काय सर? फाट्यावर असेच यायचे की दुरुस्तीला."

निखिलसर हसले नाहीत. म्हणाले, "ताटाळ्यातले आठ-दहा फोन ठेवू, बाकीचे कमी करू. पण पुढचे सगळे आभासी फोन तुम्हीच तयार करा. पुण्यातल्या मुलांनाही शिकवा." ताईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "म्हंजी मी घरी न्हाई ना?" मला एवढा आनंद झाला की मी उगाच खाली जाऊन पत्रेवाल्यालाही चहा पाजून आलो.

त्या रविवारी ताई सासरी जाऊन आल्या. सोमवारी मी विचारलं, फोन पुसायच्या नोकरीबद्दल काय म्हणाली मंडळी? "सांगितलं त्येनला," ताई म्हणाल्या, "आता पुसत न्हाई मी. भरते."

पुढे मी पुन्हा पुण्याला, मुख्य कचेरीत आलो. ताईंनी आणखी दोन वर्षं ते काम केलं. मग मुलीला नोकरी लागली, रुंद झालेल्या रस्त्याकडेला पक्के गाळे निघाले आणि ताई देवगाव फाट्यावर आपल्या दुकानात परत गेल्या. मी एकदा वाट वाकडी करून तिथे गेलो होतो. ताईंनी माझा फोन मागितला, गालाला लावला, डोळे मिटले. "लय काम करायलाव दादा," म्हणाल्या. फोन परत दिला आणि चहा सांगितला. त्यानंतर भेट नाही.

परवा आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. हुशार आहे, घाई फार. तिने आभासी फोन उघडला आणि वैतागून मला हाक मारली. "सर, हा फोन काठोकाठ भरलाय. नुसत्या शेळ्या आहेत. पुसून टाकू?"

"नको. मालकाला शब्द दिलाय," मी म्हणालो.

तिला वाटलं मी थट्टा करतोय. ती खाली खाली सरकवत गेली, मध्येच थांबली. "सर, ह्या एका फोटोत बाई आहे."

मी तिच्या टेबलापाशी गेलो. इतक्या वर्षांत इतक्या खाली कुणी गेलंच नव्हतं. ज्ञानोबाकाकांचं अंगण होतं, बहुधा फोन घ्यायला ताई गेल्या होत्या तेव्हाचं. काकांनी फोटो करडाचाच काढला असणार, पांढरं करडू बरोबर मधोमध होतं. कडेला ताई आल्या होत्या, उकिडव्या बसलेल्या, पदर खोचलेला. करडाचा कान त्यांच्या मुठीत होता आणि डोळे मिटलेले होते. निकाल अजून द्यायचा होता.

"कोण आहेत ह्या?" मुलीने विचारलं.

"तुझे फोन ह्यांनी तयार केलेत," मी म्हणालो.